वाचकांचे प्रश्न : नोंद नेमकी कुठली?

पक्षी, झाडं, झरे, कीटक अशा नोंदी मोबाइलवर जागेसह घेणाऱ्या वाचकांचे प्रश्न या वेळी निवडले आहेत. मिळतेजुळते प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : एकाच झाडाखाली उभं राहून आमच्या गटातल्या तिघांनी नोंद घेतली, तर तीन वेगवेगळे अक्षांश-रेखांश आले. त्यातले दोन बिंदू नकाशावर रस्त्याच्या पलीकडे दिसतात. खरा कोणता धरायचा?

एकच निवडून बाकीचे पुसू नका. मोबाइल आपल्याला बिंदू दाखवतो, पण त्याने मोजलेलं असतं ते एक वर्तुळ. अक्षांश-रेखांशाशेजारी ‘±८ मी.’ असा आकडा येतो, ती त्या वर्तुळाची त्रिज्या. अँड्रॉइडमध्ये तिचा अर्थ असा, की खरी जागा या वर्तुळात असण्याची शक्यता सुमारे ६८ टक्के आहे. म्हणजे साधारण दर तीन नोंदींपैकी एका नोंदीत खरी जागा वर्तुळाबाहेर असणार, हे गृहीतच धरलेलं आहे. तिघांची वर्तुळं नकाशावर काढून पाहा. ती एकमेकांना छेदत असतील, तर तिन्ही नोंदी आपापल्या जागी बरोबर आहेत.

उघड्या आकाशाखाली चांगल्या मोबाइलची त्रुटी ५ मीटरच्या आसपास असते. दाट झाडीत, अरुंद घळीत किंवा उंच इमारतींच्या मध्ये ती काही पटींनी वाढते. याची कारणं दोन. पहिलं, आकाशाचा बराच भाग झाकला जातो आणि उरलेले उपग्रह एकाच बाजूला दाटीवाटीने राहतात. दुसरं जास्त त्रासदायक आहे : लहरी कड्यावर किंवा भिंतीवर आपटून वळसा घेत पोचतात आणि मोबाइल तेवढं अंतर जास्त धरतो. अशा वेळी स्क्रीनवरची त्रिज्या लहानच राहू शकते आणि बिंदू मात्र भलतीकडे पडतो. म्हणून ‘कड्याच्या पायथ्याशी’, ‘दाट छत्राखाली’ अशी दोन शब्दांची टीप नोंदीसोबत असावी. विश्लेषण करणाऱ्याला ती आकड्याइतकीच उपयोगी पडते.

नोंद घेताना मोबाइल छातीच्या उंचीवर, स्क्रीन आकाशाकडे करून, अंगापासून थोडा लांब धरा. अ‍ॅप उघडल्यावर निदान अर्धा ते एक मिनिट जागेवर थांबा. ‘±’ पुढचा आकडा उतरत जातो आणि मग एका जागी रेंगाळतो. तो स्थिरावला की जतन करा. अ‍ॅप उघडताक्षणी जतन केलेली जागा पुष्कळदा टॉवर किंवा वायफायवरून काढलेली असते, नाहीतर चक्क मागच्या थांब्यावरची.

कायमच्या खुणेसाठी (दरवर्षी मोजायचं झाड, चौरस भूखंडाचा कोपरा) सरासरी काढावी, पण सलग दोन मिनिटांच्या वाचनांची नव्हे. तेवढ्या वेळात उपग्रहांची मांडणी आणि परावर्तनं जवळजवळ तीच असतात, त्यामुळे सगळी वाचनं एकाच बाजूला चुकतात. दोन-तीन तासांचं अंतर ठेवून वाचनं घ्या. दुसऱ्या दिवशी जाणार असाल तर वेळ बदलून जा. जीपीएस उपग्रहांची मांडणी रोज सुमारे ४ मिनिटं आधी तशीच्या तशी परत येते, त्यामुळे त्याच वेळी गेलात तर कालचीच चूक आजही मिळेल.

रस्त्याच्या पलीकडे दिसणाऱ्या बिंदूंबद्दल आणखी एक. नकाशाखालचं उपग्रहचित्रही काही मीटर सरकलेलं असू शकतं. चित्राशी जुळावा म्हणून बिंदू ओढून सरकवला असेल, तर तशी नोंद ठेवा : ‘जागा नकाशावर हाताने लावली’.

प्रश्न : आमचं अ‍ॅप दशांश चिन्हानंतर आठ अंक देतं, दुसऱ्या गटाचं चार. किती अंक ठेवायचे?

पाच ठेवले की बहुतेक कामं होतात. अक्षांशाचा १ अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. त्यामुळे दशांशानंतरच्या तिसऱ्या अंकाचं पाऊल सुमारे १११ मीटर, चौथ्याचं ११ मीटर, पाचव्याचं १.१ मीटर आणि सहाव्याचं ११ सेंटिमीटर. आठवा अंक मिलिमीटरचा आहे. ५ मीटर चुकणाऱ्या मोबाइलने तो लिहिला तरी त्यात माहिती नसते. रेखांशाचा अंश विषुववृत्तापासून दूर जाताना आखडत जातो : २० अंश अक्षांशावर तो सुमारे १०५ किलोमीटर, तर ६० अंशांवर जवळपास निम्मा.

मात्र अंक कमी करणं म्हणजे त्रुटी नोंदवणं नव्हे. चार अंक लिहिले म्हणून वाचणाऱ्याने ‘११ मीटर’ ओळखून घ्यावं, अशी अपेक्षा ठेवू नका. त्रिज्येला स्वतःचा स्तंभ द्या आणि ती मीटरमध्ये लिहा. जैवविविधतेच्या नोंदींसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘डार्विन कोअर’ या मानकात तिच्यासाठी वेगळा रकाना आहे आणि त्यात शून्य चालत नाही. माहीत नसेल तर रकाना रिकामा ठेवायचा असतो. हा नियम फार मोलाचा आहे, कारण शून्य लिहिणं म्हणजे अशक्य अचूकतेचा दावा करणं.

प्रश्न : आम्ही जातो तिथे नेटवर्क नसतं. जीपीएस चालेल का? एका सदस्याला पहिली जागा मिळायला दहा मिनिटं लागली.

चालेल. जीपीएस, ग्लोनास, गॅलिलिओ, बैदू, नाविक या सगळ्या यंत्रणांकडून मोबाइल फक्त ऐकतो, त्याला सिमकार्ड लागत नाही. उशीर होतो तो कक्षांच्या माहितीमुळे. जीपीएस उपग्रह आपला संदेश सेकंदाला ५० बिट इतक्या संथ गतीने पाठवतो. एका उपग्रहाची स्वतःची कक्षामाहिती ३० सेकंदांच्या चक्रात येते, तर सगळ्या उपग्रहांचं ढोबळ वेळापत्रक पुरतं यायला साडेबारा मिनिटं लागतात. नेटवर्क असताना हीच माहिती इंटरनेटवरून क्षणात उतरते, म्हणून घरी जागा पटकन सापडते. चालता चालता झाडाआड गेलात की चक्र मध्येच तुटतं आणि पुढच्या फेरीची वाट पाहावी लागते.

त्यामुळे नेटवर्कच्या हद्दीतून बाहेर पडण्यापूर्वी नकाशाचं अ‍ॅप उघडून एकदा जागा मिळवून घ्या. ती कक्षामाहिती पुढे काही तास कामी येते. त्या भागाचा नकाशा आधीच उतरवून ठेवा. ओडीके कलेक्ट (फॉर्म भरण्याचं), क्यूफील्ड (नकाशावर नोंदी घेण्याचं), आयनॅचरलिस्ट (जीवसृष्टीच्या नोंदींचं) आणि ईबर्ड (पक्ष्यांच्या याद्यांचं) या अ‍ॅपमध्ये नोंदी नेटवर्कशिवाय साठवता येतात आणि नंतर पाठवता येतात. मात्र ओडीकेचा कोरा फॉर्म किंवा क्यूफील्डचा प्रकल्प मोबाइलवर आधीच उतरवलेला हवा. तिथे पोचल्यावर एअरप्लेन मोड लावा. सध्याच्या फोनांमध्ये तो लावूनही जीपीएस चालू राहतं आणि टॉवर शोधण्यात जाणारी बॅटरी वाचते. बॅटरी-सेव्हर मात्र बंद ठेवा. स्क्रीन मावळली की तो जागेची नोंद थांबवतो आणि चाललेल्या मार्गात मोठमोठ्या फटी पडतात.

प्रश्न : एका स्वयंसेविकेचे सगळेच बिंदू एक-दोन किलोमीटर इकडेतिकडे पडतात. फोन नवा आहे. तो बिघडलाय का?

बहुधा नाही. आधी परवानगी तपासा. आयओएस १४ पासून आणि अँड्रॉइड १२ पासून अ‍ॅपला ‘नेमकी’ किंवा ‘अंदाजे’ अशी दोन प्रकारची जागा देता येते. पहिल्यांदा विचारलं तेव्हा ‘अंदाजे’ निवडलं गेलं असेल, तर अँड्रॉइड साधारण ३ चौरस किलोमीटरच्या भागातली कुठली तरी जागा देतो. सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपच्या परवानग्यांत जाऊन ‘नेमकी जागा’ चालू करा. आधीच्या नोंदी टाकून द्यायची गरज नाही. त्यांच्या त्रुटीच्या रकान्यात २,००० मीटर किंवा अधिक लिहा.

प्रश्न : पक्षी नदीच्या पलीकडच्या काठावर होता, आम्ही अलीकडे. जागा कोणाची लिहायची?

तुमचा अभ्यास काय विचारतो त्यावर ते ठरतं. पण ज्या रकान्यात जी जागा असेल, ती तशी जाहीर केलेली असावी. घरटं, झाड, बीळ यांसारख्या अचल गोष्टींसाठी त्या गोष्टीचीच जागा हवी. तिथे जाता येत नसेल तर अंतर आणि दिशा मोजून जागा काढता येते.

उदाहरण घेऊ. तुम्ही २० अंश अक्षांशावर आहात, घरटं १२० मीटर लांब आहे आणि खऱ्या उत्तरेपासून उजवीकडे ६० अंशांवर आहे. उत्तरेकडचा भाग १२० × कोसाइन ६० = ६० मीटर. पूर्वेकडचा भाग १२० × साइन ६० = १०४ मीटर. उत्तरेकडच्या भागाला १,११,३२० ने भागलं की ०.०००५४ अंश येतात, ते अक्षांशात मिळवा. पूर्वेकडच्या भागाला आधी १,११,३२० × कोसाइन २० म्हणजे सुमारे १,०४,६०० ने भागा. ०.०००९९ अंश येतात, ते रेखांशात मिळवा. घरटं दक्षिणेला किंवा पश्चिमेला असेल तर साइन-कोसाइनचं चिन्ह आपोआप ऋण येतं.

आता त्रुटी. अंतर डोळ्यांनी धरलं असेल तर त्यात १०-२० टक्के चूक सहज होते, पाण्यावरून पाहताना त्याहूनही जास्त. होकायंत्र ५ अंशांनी चुकलं तर १२० मीटरवर बिंदू सुमारे १० मीटर आडवा सरकतो. या दोन्ही चुका मोबाइलच्या ‘±’ मध्ये मिळवून त्रिज्या लिहा. मोबाइलचं होकायंत्र वाहनाजवळ, लोखंडी कठड्याजवळ किंवा चुंबकाच्या झाकणाच्या कव्हरमध्ये भरकटतं. कव्हर काढा, चार-पाच पावलं दूर व्हा आणि मग दिशा वाचा. होकायंत्र चुंबकीय उत्तर दाखवतंय की खरी उत्तर, तेही सेटिंगमध्ये पाहून ठेवा. दोघींमधला फरक काही प्रदेशांत नगण्य, तर काही ठिकाणी १५ अंशांहून जास्त असतो.

उडणाऱ्या थव्यासाठी इतकं गणित करू नका. स्वतःची जागा लिहा आणि त्रिज्येत थव्यापर्यंतचं अंतर मिळवा.

प्रश्न : ओडीके किंवा कोबो टूलबॉक्स या नोंदी गोळा करण्याच्या साधनांत फॉर्म बनवतोय. त्यात काय असावं आणि काय टाळावं?

जागेच्या प्रश्नापासून सुरुवात करू. ओडीके कलेक्ट मुळात अचूकता ५ मीटरवर येईपर्यंत वाट पाहतं आणि मग जागा आपोआप स्वीकारतं. दाट झाडीत ५ मीटर कधी कधी येतच नाहीत. मग लोक कंटाळून मिळेल त्या आकड्यावर ‘सेव्ह’ दाबतात आणि पुढे उघड्या माळावरही तीच सवय लागते. एक्सएलएसफॉर्मच्या (फॉर्म ज्या स्प्रेडशीटमध्ये लिहितात तिच्या) ‘पॅरामीटर्स’ स्तंभात ‘कॅप्चर-अ‍ॅक्युरसी’ ही मर्यादा तुमच्या भूभागाला साजेल अशी ठेवा. जंगलासाठी १० मीटर ठीक. ‘वॉर्निंग-अ‍ॅक्युरसी’ मुळात १०० मीटर असते, ती ३० वर आणा, म्हणजे वाईट आकड्यावर इशारा मिळेल. हाच फॉर्म संध्याकाळी लॅपटॉपच्या ब्राउझरवर भरला, तर जागा घरातल्या वायफायची येईल. भरायचा तो जागेवरच.

जागेच्या उत्तरात चार आकडे येतात : अक्षांश, रेखांश, उंची, अचूकता. ‘सफाई’ करताना शेवटचा स्तंभ काढून टाकण्याची एक वाईट रीत आहे. तो काढलात तर नंतर कोणत्याही उपायाने परत मिळत नाही.

प्रजातीचं नाव मोकळं लिहायला देऊ नका, यादीतून निवडू द्या. नाहीतर एकाच पाखराची सात स्पेलिंगं गोळा होतात. पण यादीत ‘ओळख पटली नाही’ आणि ‘यादीत नाही’ हे दोन पर्याय हवेतच. ते नसतील तर माणूस जवळचं काहीतरी निवडतो आणि ती चूक कधीच उघडकीस येत नाही. संख्येच्या प्रश्नाशेजारी ‘मोजली / अंदाजे’ असा पर्याय द्या. शून्य आणि रिकामं यांत फरक ठेवा : शून्य म्हणजे पाहिलं आणि नव्हतं, रिकामं म्हणजे पाहिलंच नाही. सुरुवातीची आणि शेवटची वेळ फॉर्मला आपोआप घेऊ द्या. निरीक्षकाच्या नावाऐवजी संकेतांक वापरा. फोटोची लांब बाजू २,००० पिक्सेलपर्यंत मर्यादित ठेवली तर ओळखीपुरता तपशील राहतो आणि मंद नेटवर्कवरही नोंद चढते.

फॉर्म वाटण्यापूर्वी दोन जणांना एकाच वाटेवर, एकमेकांशी न बोलता भरायला लावा. दोघांच्या उत्तरांत जिथे तफावत येते तो प्रश्न बहुतेक वेळा नीट मांडलेला नसतो. माणसं बदलण्याआधी प्रश्न बदला. आणि खिशात पेन्सिल-वही असू द्या, पावसात टचस्क्रीन ऐकत नाही.

प्रश्न : सगळ्यांच्या नोंदी एका तक्त्यात एकत्र केल्या, तर काही बिंदू समुद्रात गेले. हे शोधायचं कसं?

बिंदू कुठे पडला यावरून चूक कोणती ते बहुधा कळतं.

आफ्रिकेच्या पश्चिमेला, गिनीच्या आखातात बिंदूंचा ढीग दिसला तर ते शून्य अक्षांश आणि शून्य रेखांश आहे. कोणीतरी रिकाम्या चौकटी शून्याने भरल्या आहेत. जागांची अदलाबदल जास्त फसवी असते. अक्षांश १८, रेखांश ७३ हे उलट भरलं, तर बिंदू नॉर्वेच्या उत्तरेला आर्क्टिकच्या पाण्यात जातो. सॉफ्टवेअर तक्रार करत नाही, कारण ७३ हा अक्षांश असूच शकतो. तक्रार येते ती फक्त रेखांश ९० च्या पुढे असेल तेव्हा. ही अदलाबदल फायलींच्या रचनेमुळेही होते : बहुतेक अ‍ॅप आधी अक्षांश दाखवतात, पण नकाशाच्या जिओजेसन फायलीत आधी रेखांश असतो. ऋण चिन्ह गळलं तर बिंदू विषुववृत्ताच्या किंवा ग्रीनिचच्या रेषेच्या पलीकडे, आरशातल्यासारखा दिसतो.

सर्वांत दडून राहणारी चूक अंश-मिनिटांची. १८ अंश ३० मिनिटं म्हणजे १८.५. कोणी १८.३० लिहिलं तर बिंदू २२ किलोमीटर सरकतो आणि जमिनीवरच राहतो, त्यामुळे डोळ्यांना खटकत नाही. ओळखायची युक्ती : दशांशानंतरचे पहिले दोन अंक सगळ्याच नोंदींत ६० च्या खाली असतील, तर ती बहुधा मिनिटं आहेत. रूपांतर असं : अंश + मिनिटं ÷ ६० + सेकंद ÷ ३६००.

मग स्प्रेडशीटचे स्वतःचे अपघात. एक्सेलमध्ये चौकट दोन दशांश दाखवत असताना सीएसव्ही (स्वल्पविरामांनी तोडलेला साधा मजकूर) म्हणून जतन केलं, तर फायलीत दोनच दशांश उरतात, म्हणजे किलोमीटरभराची अचूकता कायमची जाते. जतन करण्यापूर्वी त्या स्तंभांना सहा दशांश द्या. चौकट खाली ओढून भरताना संख्या एकेकाने वाढू शकते (लिबरऑफिस कॅल्कमध्ये तर मुळातच वाढते) आणि बिंदू एकेका अंशाने पूर्वेकडे रांग लावतात. ०३/०४ ही तारीख कोणाला ३ एप्रिल, कोणाला ४ मार्च. म्हणून तारीख वर्ष-महिना-दिवस याच क्रमाने, जसं २०२४-०४-०३. सीएसव्हीवर दोनदा क्लिक करून उघडली की देवनागरी नावांचा चिखल होतो. फाइल ‘डेटा’ मेनूतून आयात करा आणि यूटीएफ-८ ही अक्षरांची सांकेतिक पद्धत निवडा.

मूळ उतरवलेली फाइल कधीही बदलू नका. तिची प्रत काढून दुरुस्त्या प्रतीत करा आणि प्रत्येक दुरुस्तीमागचं कारण वेगळ्या स्तंभात लिहा.

प्रश्न : काहीच दिसलं नाही त्या दिवशी नोंद करायची का?

करायचीच. आमच्या मते नागरिकांच्या नोंदींत सर्वांत जास्त उणीव याच गोष्टीची आहे.

फक्त ‘दिसलं’ च्या नोंदींवरून प्रजाती कुठे आहे हे थोडंफार कळतं, पण ती वाढतेय की घटतेय हे कळत नाही. यंदा नोंदी दुप्पट झाल्या, त्या पाखरं वाढल्यामुळे की हौशी लोक वाढल्यामुळे? उत्तर द्यायला कष्ट मोजलेले हवेत : किती वेळ, किती अंतर, किती माणसं, कोणत्या पद्धतीने. २००२ मध्ये सुरू झालेल्या ईबर्डमध्ये ‘ओळखता आलेल्या सगळ्या पक्ष्यांची यादी दिली आहे का?’ असा प्रश्न विचारतात, तो याचसाठी. ‘हो’ म्हटलं की यादीत नसलेला पक्षी ‘आढळला नाही’ असं धरता येतं. मग ४० पूर्ण याद्यांपैकी १० याद्यांत तो असेल तर प्रमाण २५ टक्के, आणि हे प्रमाण वर्षावर्षांत ताडता येतं.

न दिसणं म्हणजे नसणं नव्हे, हेही आकड्यात मांडता येतं. प्राणी तिथे असताना एका फेरीत दिसण्याची शक्यता ४० टक्के धरा. तीन फेऱ्यांत एकदाही न दिसण्याची शक्यता ०.६ × ०.६ × ०.६, म्हणजे सुमारे २२ टक्के. पाच फेऱ्यांनंतर ती ८ टक्क्यांवर येते. म्हणून एकाच हंगामात त्याच जागी तीन ते पाच वेळा जाणं हे पंधरा जागांना एकेकदा भेट देण्यापेक्षा पुष्कळदा जास्त सांगून जातं. पण प्रत्येक फेरीची वेळ आणि कालावधी सारखा ठेवा.

जागा निवडतानाही सावध राहा. सगळ्यांच्या नोंदी रस्ते, वाटा आणि पाणवठे यांच्याभोवती गोळा होतात. अभ्यासक्षेत्रावर १ किलोमीटरची जाळी टाकून चौकटी चिठ्ठ्या टाकून निवडल्या, तर ज्या चौकटीत ‘काही नाही’ असं वाटतं तिथेही कोणीतरी जाऊन पाहतं.

प्रश्न : फोटो कॅमेऱ्याने काढतो, त्यात जीपीएस नाही. जागा नंतर जोडता येते का?

येते. मोबाइलवर चाललेल्या मार्गाची जीपीएक्स फाइल (जागा आणि वेळ यांची नोंद) नोंदवत राहा आणि घरी एक्झिफटूलसारख्या प्रोग्रॅमने फोटोच्या वेळेवरून जागा जोडा. सगळी भिस्त कॅमेऱ्याच्या घड्याळावर आहे. ताशी ४.८ किलोमीटर वेगाने चालणारा माणूस मिनिटाला ८० मीटर जातो, म्हणजे घड्याळ एक मिनिट चुकलं की प्रत्येक फोटो ८० मीटर चुकतो. घड्याळ जुळवत बसण्याऐवजी, निघताना आणि परतल्यावर मोबाइलच्या सेकंद दाखवणाऱ्या घड्याळाचा एकेक फोटो कॅमेऱ्याने काढा. फोटोतली वेळ आणि फाइलमधली वेळ यांतला फरक हीच दुरुस्ती. जीपीएक्समध्ये वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते, हे विसरलात तर फोटो काही तासांनी सरकतात आणि पहाटेचे फोटो आदल्या दिवसात जाऊ शकतात.

मोबाइलचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखे पाठवले तर त्यातली जागेची माहिती गळून जाते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवले तर टिकते.

प्रश्न : दुर्मीळ वनस्पती आणि घरट्यांच्या जागा उघड करायला भीती वाटते. मग नोंदच करू नये का?

नोंद करा, ती नेमकी ठेवा, आणि उघड किती दाखवायचं ते वेगळं ठरवा. आयनॅचरलिस्टमध्ये जागा ‘अस्पष्ट’ केली की लोकांना ०.२ × ०.२ अंशाच्या चौकटीतला, यदृच्छया निवडलेला बिंदू दिसतो. २० अंश अक्षांशावर ही चौकट सुमारे २२ × २१ किलोमीटरची होते. धोक्यातल्या बऱ्याच प्रजातींसाठी हे आपोआप होतं. मूळ जागा निरीक्षकाकडे आणि त्याने विश्वास टाकलेल्यांकडेच राहते.

फटी मात्र इतर ठिकाणी राहतात. दुर्मीळ ऑर्किडची नोंद अस्पष्ट ठेवली आणि पाच मिनिटांपूर्वीच्या फुलपाखराची उघडी, तर जागा कळायला वेळ लागत नाही. त्या फेरीतल्या आसपासच्या नोंदीही अस्पष्ट ठेवा, किंवा हंगाम उलटल्यावर चढवा. फोटोत दिसणारा ओळखीचा कडा किंवा पाटी कापा. खासगी जमिनीवर गेला असाल तर मालकाला नोंद कुठे जाणार हे आधी सांगा.

जे दुसऱ्यांच्या नोंदी संशोधनासाठी उतरवतात त्यांनी लक्षात ठेवावं, की अस्पष्ट केलेले बिंदू जीबीआयएफ या जैवविविधतेच्या नोंदींच्या जागतिक साठ्यातून येतात तेव्हा इतर बिंदूंसारखेच दिसतात. त्रुटीचा स्तंभ पाहून चाळणी लावा. १० मीटर पिक्सेलच्या सेंटिनेल-२ उपग्रहाच्या चित्राशी जुळवायचं असेल तर ५०० मीटर त्रुटीची नोंदही निरुपयोगी आहे, मात्र १० किलोमीटरच्या जाळीसाठी ती उत्तम चालते.

प्रश्न : जुन्या वहीत ‘गावाच्या उत्तरेला ५ किमी’ अशा नोंदी आहेत. त्या नकाशावर आणता येतील का?

येतील, त्रिज्येसह. गावाचा मध्य धरून ५ किलोमीटर उत्तरेला बिंदू द्या आणि मग अनिश्चिततेचे तुकडे मोजा. गाव केवढं आहे? मध्यापासून सर्वांत लांबच्या टोकापर्यंतचं अंतर घ्या. ‘५’ हा आकडा किती नेमका? ४.५ ही असू शकतो आणि ५.५ ही, म्हणजे अर्धा किलोमीटर. अंतर रस्त्याने मोजलं की सरळ रेषेत? वहीत लिहिलं नसेल तर दोन्ही शक्यता वर्तुळात बसवा. सर्वांत मोठा तुकडा दिशेचा असतो. नुसतं ‘उत्तर’ म्हणणाऱ्याच्या मनात वायव्य ते ईशान्य यांमधलं काहीही असू शकतं, म्हणजे दोन्ही बाजूंना ४५ अंश. ५ किलोमीटरवर यातून एकट्यानेच ३.८ किलोमीटरची अनिश्चितता येते.

वहीत अक्षांश-रेखांश लिहिलेले असले तरी ते कोणत्या नकाशावरून घेतले ते शोधा. जुने नकाशे स्थानिक डेटमवर (अक्षांश-रेखांश मोजण्याच्या पायावर) आखलेले असत. आज जीपीएस वापरतं त्या डब्ल्यूजीएस ८४ या डेटमशी त्यांचा फरक काहीशे मीटरपर्यंत जाऊ शकतो. डेटम कळला तर क्यूजीआयएस या नकाशांच्या प्रोग्रॅममध्ये रूपांतर करा, नाही कळला तर तो फरक त्रिज्येत मिळवा. वहीतलं मूळ वाक्य अक्षर न बदलता वेगळ्या रकान्यात उतरवा. उद्या कोणाला त्या जागेचं जुनं नाव सापडलं तर हाच बिंदू अधिक नेमका करता येईल.

प्रश्न : मोबाइलने दिलेली उंची विश्वासाची असते का?

आडव्या जागेपेक्षा कमी. उपग्रह सगळे डोक्यावरच्या अर्ध्या गोलात असतात, खालून कोणी नसतं, म्हणून उभ्या दिशेतली चूक साधारण दीड-दोन पट येते. शिवाय बरीच अँड्रॉइड अ‍ॅप पृथ्वीचा आकार म्हणून धरलेल्या गणिती लंबगोलापासूनची उंची देतात, समुद्रसपाटीपासूनची नव्हे. लंबगोलाच्या तुलनेत समुद्रसपाटी जगात कुठे सुमारे १०६ मीटर खाली, तर कुठे ८५ मीटर वर जाते. एकाच गटात दोन प्रकारचे फोन असतील तर त्याच टेकडीची उंची दोन फोनांवर वेगळी येईल. विश्लेषणासाठी उंची घ्यायची ती एसआरटीएमसारख्या, ३० मीटरच्या चौकटींच्या उंचीनकाशातून, बिंदूच्या जागेवरून. मोबाइलचा आकडा वेगळ्या स्तंभात राहू द्या आणि स्तंभाच्या नावातच स्रोत लिहा.